मस्कतला जाणारं उघडं पाकीट

"बाई, याच्यात चिठ्ठी आहे," मी म्हणालो.

खिडकीपलीकडच्या बाईनं मान हलवली. "हो न साहेब. भावाले लिवली."

"अन् पाकीट तं उघडं देऊन राहिल्या तुमी."

"प्रेसवाल्यानं सांगतलं, शादीचं कार्ड उघडं टाकलं का तिकीट कमी लागते."

"कार्डाले कमी लागते. चिठ्ठीले नाई."

इथंच थांबून "पत्राचं तिकीट लावा, थोडे जास्त पडतील" एवढं म्हटलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. फरक दोन कप चहाचा होता. बाईच्या हातात बटवा होता, बटव्यात पैसे दिसत होते, आणि तिनं ते निमूट दिलेही असते. पण मी थांबलो नाही.

मी शेषराव तायडे. अकोल्यातल्या एका पोस्टात बत्तीस वर्षं खिडकीमागं बसलो. त्यातली शेवटची अकरा वर्षं परदेशी टपालाच्या खिडकीवर. कोणत्या देशाला किती वजनापर्यंत किती तिकीट, कोणत्या देशाचं टपाल कधी बंद पडलं आणि कधी सुरू झालं, तिकीट कमी पडलं तर बैरंग पाकिटाचं काय होतं, हे सगळं मला तोंडपाठ. दर बदलले की परिपत्रकाची प्रत मी घरी नेऊन पाठ करायचो. बायको म्हणायची, एवढा अभ्यास दहावीत केला असता तर कलेक्टर झाला असता.

यामागं एक कारण आहे आणि ते सांगितलंच पाहिजे, मात्र ते कुणी सबब समजू नये. मी नोकरीला लागलो तेव्हा अमरावतीच्या ट्रेनिंगमध्ये एक साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हे कोट्यातले. यांना नियम विचारू नका, फक्त ठप्पा मारायला सांगा." त्या दिवसापासून मी नियमांच्या मागं हात धुऊन लागलो. पुढं तेच साहेब अडलं की मला फोन करून विचारायचे. तो फोन ठेवला की मला दिवसभर बरं वाटायचं. माणसाला कशाची तरी चटक लागते, तशी मला नियम सांगण्याची लागली. ऐकायला माणसं असली म्हणजे जास्तच.

त्या दिवशी माणसं होती. लग्नसराई, त्यात भरतीचे अर्ज पाठवणारी पोरं, बचतीची पासबुकं घेऊन आलेले एजंट. गर्दीत सगळ्याच खिडक्यांवर सगळंच घ्यावं लागायचं, माझ्या खिडकीसमोर दहाएक जण असतील. बाईचं नाव पाकिटावर मागच्या बाजूला होतं: आमिना बी, बाळापूर. पन्नाशीची, बोटांच्या टोकांना शिलाईच्या सुयांचे डाग. शेजारी लग्नाच्या वयाची मुलगी, हातात कपड्यांच्या पिशव्या. लग्न तिचंच होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. खरेदीला म्हणून अकोल्याला आलेल्या मायलेकी, जाता जाता पत्रिका टाकायला आल्या होत्या. गावातल्या आणि अमरावतीच्या पाहुण्यांच्या पत्रिका हातोहात वाटून झाल्या होत्या. ही एकच परदेशात जायची होती. मस्कतला, भावाला.

"चिठ्ठी कशाची साहेब," बाई म्हणाली. "चार ओळी हायेत. कार्डासंगंचा दुआ-सलाम."

"दुआ-सलाम आहे का चिठ्ठी आहे, ते वाचल्यावर समजते," मी म्हणालो आणि कागद उघडला.

मला वाटलं होतं उर्दू असेल, म्हणजे प्रश्न मिटला. पण मराठी होतं, वहीच्या पानावर, झेडपीच्या शाळेतलं गोल अक्षर. भाऊबहीण मराठी शाळेत शिकलेले असणार. आणि मी वाचायला लागलो. मोठ्यानं. बुद्धजयंतीपासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत सगळीकडं माईक माझ्या हातात असतो. आवाज खणखणीत आहे.

"'नबी, अब्बा तुझंच नाव घेत होते. शेवटच्या दिवसांत दाराशी कुणी आलं की विचारायचे, नबी आला का. मी तुला फोनवर सांगितलं की अब्बांनी तुझं तोंड पाहायचं नाही म्हटलं. ते त्यांनी म्हटलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं सांगितलं. अम्मीच्या मातीला तू आला नाहीस, त्याचा मला राग...'"

इथं मी थांबलो. दया आली म्हणून नव्हे, पुरावा पुरेसा झाला म्हणून.

"आता सांगा," मी लायनीकडं पाहत म्हणालो, "हा दुआ-सलाम आहे का?"

मागून एक पासबुकवाला हसला. "सगी बहीण असून!" असं कुणीतरी म्हणालं. पण मला आठवतं ते त्या मुलीचं तोंड. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि आईकडं पाहिलं.

"अम्मी? नाना मामूचं नाव घेत होते?"

आजोबा मामाचं नाव घेत होते, हे तिला माहीत नव्हतं. आईनं ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायचं होतं त्यालाच पहिल्यांदा लिहिलं होतं. आणि ते अकोल्यातल्या दहा अनोळखी माणसांनी त्याच्याआधी ऐकलं.

आमिना बीनं खिडकीच्या फटीतून हात आत घातला. "द्या," ती म्हणाली.

मी कागद दिला. आता कुठं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण माझा आवाज खाली आला. "पत्राचं तिकीट लावलं तं चालते बाई. जास्त फरक नाई."

"राहू द्या. कार्डच जाऊ द्या."

तिनं कागदाची बारीक घडी केली आणि मुठीत धरली. मुलीनं तिकिटं लावली. मी ठप्पा मारला, पावती नसते तरी पाकिटाचं वजन पुन्हा सांगितलं, नियमाप्रमाणं. त्या गेल्या. लाइन पुढं सरकली. पुढच्या माणसानं मला म्हटलं, "साहेब, तुमाले सगळं मालूम आहे बुवा." आणि सांगायला लाज वाटते, मला ते ऐकून तेव्हाही बरं वाटलं.

माझ्या शेजारच्या खिडकीवर वर्षाली बसायची. धारणीकडची पोरगी, नोकरीला लागून तीन वर्षं झालेली, कामात जरा सावकाश. मी तिला रोज काही ना काही शिकवायचो. दुपारी डबा खाताना ती म्हणाली, "सर, वाचलं काहून?"

"नियम आहे. उघडं पाकीट तपासता येते."

"तपासता येते. मोठ्यानं वाचा असं कुठं आहे?" तिनं डब्याचं झाकण लावलं. "आमच्या गावात म्हातारे पोस्टमन होते. अर्ध्या गावाले वाचता येत नव्हतं, तेच वाचून दाखवत. पण ज्याची चिठ्ठी त्याच्या कानापाशी तोंड नेऊन वाचत सर. त्याची बायको बाजूले बसली असली तरी तिले आयकू जात नव्हतं."

मी तिला म्हणालो, तुझ्या गावच्या गोष्टी इथं चालत नाहीत. ती उठून हात धुवायला गेली.

संध्याकाळी तिकिटांचं कपाट बंद करत होतो आणि एकदम आठवलं. छापील मजकुराच्या नियमातच एक ओळ आहे. मी ती परीक्षेत लिहिली होती, नव्या पोरांना शिकवली होती. छापील कार्डावर पाठवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं शिष्टाचाराचे पाच शब्द लिहिले तर चालतात. कमी तिकिटात चालतात. पाच शब्द. त्या बाईला मी म्हणू शकलो असतो, बाई, चिठ्ठी राहू द्या, पण कार्डाच्या कोपऱ्यात पाच शब्द लिहा तुमच्या हातानं. आता ते शिष्टाचाराचे की नाही, हे ठरवणारा खिडकीवरचा माणूस असतो. म्हणजे मीच.

मला तो नियम माहीत होता. खिडकीवर असतानाही माहीत होता, कुठं गेला नव्हता. पण माझं लक्ष लायनीकडं होतं. कपाटाची किल्ली हातात धरून मी तिथंच बसलो. शिपाई येऊन म्हणाला, "काका, घरी जायचं नाई का?"

पुढच्या महिन्यात आठवडाभर माझी ड्युटी आलेल्या टपालाच्या छाननीवर लागली. हल्ली परदेशातून हातानं लिहिलेलं फारसं काही येत नाही. बँकांची पाकिटं, मासिकं, एखादं पार्सल. त्यामुळं ते पोस्टकार्ड लगेच डोळ्यांत भरलं. एका बाजूला समुद्र आणि पांढरी घरं, दुसऱ्या बाजूला मस्कतचं तिकीट, आणि पत्ता: आमिना बी, बाळापूर.

पोस्टकार्ड उघडंच असतं. पत्ता वाचायचा तर मजकूर डोळ्यांसमोर येतोच. मराठीत होतं, बहिणीसारखंच गोल अक्षर.

"आपा, कार्ड मिळालं. छापलेलं होतं, जगाला पाठवलं तसंच मला. तुझ्या हातची एक ओळ शोधली. पाकीट फाडून आतून पाहिलं. नव्हती. मी येत नाही. माहेनूरला दुआ. नबी."

मी ते कार्ड दोनदा वाचलं. मग बाळापूरच्या गठ्ठ्यात न टाकता शर्टाच्या खिशात ठेवलं. टपाल खिशात घालणं हा गुन्हा आहे. बत्तीस वर्षांत मी तो एकदाच केला, आणि या गोष्टीत मला ज्याची सगळ्यात कमी लाज वाटते ते हेच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाळापूरला उतरून पत्ता विचारत गेलो. किल्ल्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, ताज्या चुन्याचा वास, बाहेर खुर्च्यांची चवड. आत शिलाई मशीन चालू होतं. लग्नाला आठ दिवस राहिले होते.

आमिना बी दारात आली. तिनं मला ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला.

"साहेब? काई चुकलं का? तिकीट कमी पडलं काय कार्डाले?"

अकोल्याहून एक सरकारी माणूस घरी आला म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिला वाटलं. मला वाटलं, आल्या पावली मागं फिरावं.

"नाई नाई. तुमचं टपाल आलं. इकडं येतच होतो," मी खोटं बोललो आणि कार्ड दिलं.

तिनं उभ्यानंच वाचलं. चार ओळींना किती वेळ लागतो? पण ती कार्डावरून डोळे काढेना. मशीन थांबलं. आतून मुलगी, माहेनूर, दारापर्यंत आली आणि तिथंच थबकली. मग आमिना बीनं कार्ड उलटं करून समुद्राचं चित्र पाहिलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी वाचलंच असंल."

"हो."

"मोठ्यानं?"

"नाई आपा. मनातल्या मनात."

तिनं मला बसायला सांगितलं. माहेनूरनं चहा आणला, कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. बाहेरून खुर्च्या मोजण्याचा आवाज येत होता. मी येताना बसमध्ये सगळं ठरवून आलो होतो. ते एका दमात बोलून टाकलं.

"आपा, तुमी आता लिवा. काय लिवायचं ते लिवा, कितीही पानं. मी स्पीड पोस्टानं धाडतो. तिकिटाचं मी पाहतो. आजच नेतो."

"आठ दिवसात पोचते?"

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण जीभ वळेना. असली उत्तरं मी बत्तीस वर्षं खरी देत आलो होतो. "नाई पोचत," मी म्हणालो. "पोचलं तरी त्याईले सुटी, विमान... नाई जमत."

"फोन तं त्यानं केव्हाचाच बदलला," ती म्हणाली. "हा पत्ताबी जुन्या पाकिटावरून काढला होता मी. म्हटलं, बाकीच्यायले मोबाईलवर कार्ड धाडलं तरी चालते, पण रुसलेल्या माणसाले हातात कार्ड गेलं पाहिजे. आमच्यात तसंच आहे. हातात गेलं का तो येतेच."

मी कप उचलला, ठेवला. आणि मग पाच शब्दांचं सांगितलं. का सांगितलं? पापाची वाटणी करावी म्हणून असेल. सांगून तिच्या पदरात काय पडणार होतं? पण तिला माहीत नसताना तिथं चहा पिणं मला जमलं नाही.

मग अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून ती हलक्या आवाजात मोजायला लागली. "अब्बा... तुझंच... नाव... घेत... होते." अंगठा पाचव्या पेरावर थांबला. तिनं पुन्हा एकदा मोजलं.

"बसत होतं की साहेब," ती म्हणाली.

"हो."

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग तवा काहून नाई सांगतलं?"

मी म्हणू शकलो असतो, घाई होती, गर्दी होती, लक्षात आलं नाही. ऑफिसात अशी उत्तरं डझनानं असतात. पण ती विचारत होती ते भांडायला नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की एखादा माणूस असं का करतो.

"लायनीत लोक होते," मी म्हणालो. "मले वाटलं, लोकायले दिसू द्यावं मले किती समजते."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"दिसलं मंग," ती म्हणाली आणि उठली.

मला वाटलं आता जायला सांगेल. पण ती आतून एक पत्रिका आणि पेन घेऊन आली. लग्नाच्या आठवड्यात घरी आलेला माणूस पत्रिकेशिवाय परत जात नाही, ही तिच्या घरची रीत. "नाव काय तुमचं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं मांडीवर पाकीट ठेवून त्या गोल अक्षरात लिहिलं: शेषराव तायडे साहेब, सहपरिवार. मोजून चार शब्द. माझ्यासाठी ते तिच्या हातचे होते. भावाला एकही गेला नव्हता.

लग्नाला मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? बायकोनं पत्रिका पाहून विचारलं, हे कोण? मी म्हणालो, ओळखीचे. दुसरं काय सांगणार? इतकी वर्षं तिच्यापुढं नियमांच्या फुशारक्या मारल्या, आणि हे सांगायला मात्र शब्द सापडेनात. आज हे लिहितोय ते तिनंही अजून वाचलेलं नाही.

लग्न झालं. अमरावतीहून वरात वेळेवर आली, मुलगी चांगल्या घरात पडली, असं बाळापूरच्या पोस्टमनकडून कळलं. मामू आला नव्हता. पोस्टमन म्हणाला, मुलीला निरोप देताना मामाच्या जागी शेजारच्या एका म्हाताऱ्याला उभं केलं. मी त्याला जास्त विचारलं नाही.

मी निवृत्त व्हायला दोन महिने होते तेव्हाची गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. माझी खिडकी रिकामी होती. वर्षालीच्या खिडकीसमोर मात्र पाच-सहा जण उभे होते. ती सावकाशच काम करते. दारातून आमिना बी आली, एकटीच. तिनं दोन्ही खिडक्यांकडं पाहिलं. परदेशी टपालाची पाटी माझ्या डोक्यावर होती, ती तिनं वाचली. आणि ती जाऊन वर्षालीच्या लायनीत सगळ्यांच्या मागं उभी राहिली.

मी हाक मारली. "आपा, इकडं या. इथं कोणी नाई."

लायनीतल्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. तिनंही पाहिलं, ओळख दिली, मान किंचित झुकवून सलाम केला.

"राहू द्या साहेब. मी इथंच बरी आहे," ती म्हणाली.

तिचा नंबर यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत माझ्याकडं एकही माणूस आला नाही. पाकीट जाड होतं. फडकं शिवावं तसं तिनं ते चारी बाजूंनी चिकटवून वर पट्टी मारली होती. झडप, कडा, शिवण, कुठं नख शिरायला जागा ठेवली नव्हती. वर्षालीनं ते काट्यावर ठेवलं, तक्ता पाहिला, मग खिडकीच्या फटीपाशी तोंड नेऊन काहीतरी हळू बोलली. किती तिकीट सांगितलं ते शेजारी बसून मलाही ऐकू आलं नाही.

आमिना बीनं पैसे दिले, तिकिटं स्वतः लावली, अंगठ्यानं एकेक दाबली. मग पाकीट आत सरकवलं आणि वर्षाली ठप्पा मारेपर्यंत तिथून हलली नाही.

जाताना ती माझ्या खिडकीवरून गेली. मी दरांचा तक्ता समोर ओढला आणि मस्कतची ओळ शोधू लागलो. ती मला पाठ होती.